विमाने जनतेच्या पैशाची, वाटा कुणाचा?

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आमच्या जालन्यातून गाड्या भरून माणसे दीक्षाभूमीवर जातात. तिथून काही किलोमीटरवर नागपूरचे विमानतळ आहे, बाबासाहेबांच्याच नावाचे. त्याला लागून मिहान प्रकल्प. शिवणगाव, खापरी, दहेगाव, तेल्हारा, कलकुही या गावांच्या जमिनींवर उभा राहिलेला. तिथे आज विमानांचे भाग तयार होतात. ते काम नागपुरात आले कसे, हा इतिहास आपल्या लोकांना कुणी सांगत नाही.

सरकार परदेशी कंपनीकडून मोठी खरेदी करताना अट घालते, की किमतीचा ठरावीक हिस्सा इथल्या उद्योगात काम किंवा गुंतवणूक म्हणून परत आणा. याला ऑफसेट म्हणतात. २००५ च्या अखेरीस एअर इंडियाने बोइंगकडून ६८ विमाने घेण्याचा करार केला. एअर इंडिया तेव्हा सरकारी होती. त्या बदल्यात बोइंगने सुमारे १० कोटी डॉलरचे देखभाल-दुरुस्ती केंद्र देण्याचे कबूल केले. मिहानमध्ये ते सुरू व्हायला २०१५ उजाडले. पुढे एअर इंडिया टाटांकडे गेली, पण दुरुस्ती कंपनी सरकारकडेच राहिली. म्हणून तिथे निदान बिंदुनामावलीचा प्रश्न विचारता येतो.

पुढच्या करारात तोही विचारता येत नाही. २०१६ मध्ये ३६ राफेल घेतली, सुमारे ५९ हजार कोटींना. ऑफसेट ५० टक्के. दसॉ आणि रिलायन्स यांच्या भागीदारी कंपनीच्या मिहानमधील कारखान्याची पायाभरणी ऑक्टोबर २०१७ मध्ये झाली. तिथे बनू लागले ते फाल्कन २००० या उद्योगपतींच्या जेट विमानाचे भाग. आता २०२८ पर्यंत अख्खे फाल्कन नागपुरात बनवण्याची घोषणा आहे. लढाऊ विमानांच्या खरेदीतून नागरी विमान उद्योग उभा राहतो आहे, याला आमचा विरोध नाही. पण कलम १६(४) या कारखान्याच्या फाटकाबाहेर थांबते.

नाशिकजवळच्या ओझरला १९६० च्या दशकात मिग विमानांचा कारखाना आला, तोही परदेशी परवान्यावरच. पण तो सरकारी होता. अनुसूचित जाती-जमातींसाठी तिथे कायद्याने जागा होत्या. बाबासाहेबांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत असे का मांडले, ते ओझर आणि मिहान शेजारी ठेवले की कळते.

‘विमानात गुणवत्ता लागते’ असे लगेच सांगितले जाईल. मग हे पाहा. दसॉच्या सहकार्याने नागपूरच्या सरकारी आयटीआयमध्ये विमानाचा सांगाडा जोडणाऱ्या फिटरचा अभ्यासक्रम सुरू झाला. सरकारी आयटीआयचा प्रवेश आरक्षणानेच होतो. वर्गात बसायला, शिकायला आमचा मुलगा चालतो. शिकून तो नोकरी मागायला गेला की त्याच मुलाची गुणवत्ता कमी होते?

सरकारला अट घालता येत नाही, हेही खोटे आहे. २०१२ साली दोन गोष्टी झाल्या. सार्वजनिक कंपन्यांनी आपल्या खरेदीतला ४ टक्के माल अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून घ्यावा, असा आदेश निघाला. आणि संरक्षण ऑफसेटच्या नियमांत, लघुउद्योगांना काम दिल्यास परदेशी कंपनीला दीडपट श्रेय मिळेल, अशी तरतूद झाली. एकाच वर्षी, एकाच सरकारने. दीडपटीच्या त्या ओळीत ‘अनुसूचित जाती-जमातींचे उद्योग’ एवढे शब्द घालायला कुणाची हरकत होती? कुणाला सुचलेच नाही, आणि आपल्या खासदारांनी विचारले नाही. हा दोष आपलाही आहे.

जे लिहिले तेही पाळले गेले नाही. कॅगच्या २०२० च्या अहवालानुसार डिसेंबर २०१८ पर्यंत १९,२२३ कोटींचे ऑफसेट पूर्ण व्हायला हवे होते. कंपन्यांनी केल्याचा दावा होता फक्त ११,३९६ कोटींचा. त्याच वर्षी सरकारने दोन सरकारांमधल्या थेट खरेदीतून ऑफसेटची अटच काढून टाकली.

तरी एक दोर अजून आपल्या हातात आहे. मिहानची जमीन महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी देते आणि ती राज्य सरकारची आहे. पुढच्या प्रत्येक भाडेपट्ट्यात दोन कलमे घाला: आयटीआयच्या राखीव जागांवरून शिकलेल्यांना ठरावीक नोकऱ्या, आणि सुट्या भागांच्या कामात दलित-आदिवासी उद्योजकांना ४ टक्के. जालन्याच्या स्टील कारखान्यात भट्टीपुढे राबणारा आमचा फिटर समृद्धी महामार्गाने काही तासांत नागपूर गाठू शकतो. त्याला तिथे अर्ज करण्याचा हक्क मिळेल का, हे येत्या निवडणुकीत मते मागायला येणाऱ्यांना विचारा.