निराश्रित मुलांचा निवारा आणि त्याचा निधी : ओतूर १८७७ ते सातारा १९४७

दख्खनमधील दुष्काळांचा अभ्यास आजवर प्रामुख्याने पर्जन्यमान, सारा, सावकारी आणि सरकारी धोरण या अंगांनी झाला आहे. दुष्काळात घराबाहेर पडलेली मुले रात्री कोठे राहत आणि त्यांना ठेवून घेणारांनी धान्य व पैसा कोठून उभा केला, हा प्रश्न मात्र बहुधा तळटीपेतच राहिला. वस्तुतः या प्रश्नाच्या मागोव्यातून महाराष्ट्रातील वसतिगृहांच्या इतिहासाचा एक महत्त्वाचा धागा हाती येतो, आणि त्याचे एक टोक जुन्नर तालुक्यातील ओतूर या गावी आहे.

सावित्रीबाई फुले यांनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे प्रसिद्ध आहेत. पहिली दोन, १८५६ व १८६८ सालची, नायगावहून लिहिलेली असून तिसऱ्यावर ओतूर, २० एप्रिल १८७७ असा स्थळकाळाचा निर्देश आहे. माळशेज घाटाकडे जाणाऱ्या वाटेवरील हे गाव बाबाजी चैतन्यांच्या समाधीमुळे वारकऱ्यांना परिचित आहे. सत्यशोधक समाजाच्या इतिहासात त्याचे स्थान त्याहून कमी महत्त्वाचे नाही. १८७६ चा पावसाळा फसल्यावर जुन्नरच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेच्या पट्ट्यात काय घडले, याचे वर्णन या पत्रात आहे. साल सरले तरी दुष्काळ सरला नाही, नद्यानाले आटले, झाडांवर पाने उरली नाहीत, माणसे पोटची मुले, विशेषतः मुली, विकून गाव सोडीत आहेत, अशी ती हकीकत आहे. आजचा आंबेगाव तालुका त्या काळी स्वतंत्र नव्हता. घोड आणि कुकडी या नद्यांच्या खोऱ्यांतील दुःखाची सरकारी नोंद त्यामुळे वेगवेगळ्या दप्तरांत विखुरली, हेही अभ्यासकाने ध्यानात ठेवावे.

पत्रातील पुढचा भाग प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. त्या भागातील सत्यशोधकांनी समित्या नेमून मदतीची पथके उभी केली होती. कोंडाजी व त्यांच्या पत्नी उमाबाई यांच्याकडे सावित्रीबाईंचा मुक्काम होता; डुंबरे पाटलांचा उल्लेख येतो, आणि दुष्काळी गावांतून सावित्रीबाईंबरोबर फिरून पैशाची मदत करणारे म्हणून कृष्णाजीपंत व लक्ष्मणशास्त्री ही नावेही येतात. पुरोहितशाहीविरुद्ध उभ्या राहिलेल्या समाजाच्या कार्यात पंत आणि शास्त्री यांनी पदरचा पैसा खर्च करावा, ही गोष्ट त्या चळवळीला केवळ जातिद्वेषाची चळवळ ठरविणाऱ्यांनी अवश्य विचारात घ्यावी.

याच वेळी सुमारे पन्नास सत्यशोधकांना पोलिसांनी धरले. धान्य गोळा करून वाटणाऱ्यांवर दंगेखोरीचा आळ का यावा? याचे उत्तर दोन वर्षे मागे सापडते. मे १८७५ मध्ये सुपे येथे सावकारांविरुद्ध उसळलेला दंगा पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला होता. त्याची धास्ती घेतलेल्या अधिकाऱ्यांना कुणब्यांचा कोणताही जमाव, मग तो कोणत्याही हेतूने जमलेला असो, संशयास्पद वाटणे स्वाभाविक होते. आणि दुष्काळात नफा साधू पाहणाऱ्या सावकारांना हा संशय सोयीचाच होता. सावित्रीबाईंनी कलेक्टरची भेट घेऊन कार्यकर्त्यांवरील खोट्या आरोपांचा जाब विचारला. परिणामी माणसे सुटली, इतकेच नव्हे तर कलेक्टरने चार गाड्या ज्वारी पाठविली, असे पत्र सांगते. पत्र हा एकाच पक्षाचा पुरावा होय, हे खरे. तथापि निधी गोळा करणाराला प्रथम आपला प्रामाणिकपणा सिद्ध करावा लागतो, ही या कामाची जुनी अडचण त्यातून स्पष्ट होते.

सरकारी मदत नव्हती असे नाही. ती कामाच्या मोबदल्यात होती. जानेवारी १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुराचे धान्य दिवसाला एक पौंडावर आणले. मुंबई इलाख्यातील मजुरांनी त्याविरुद्ध कामे सोडली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. परंतु हा सारा वाद काम करू शकणाऱ्या माणसाच्या शिध्याचा होता. ज्याचे आईबाप मेले किंवा निघून गेले, त्या सहा वर्षांच्या पोराला शिधा देऊनही तो शिजविणार कोण, आणि रात्री त्याला जवळ घेणार कोण? भुकेल्याला एक वेळ जेवू घालणे आणि पोरक्याला रोज रात्री निवारा देणे, ही दोन कामे निराळी आहेत. पहिल्यास एकवार जमविलेली रक्कम पुरते. दुसऱ्यास अखंड झरा लागतो.

हा भेद फुले दांपत्याला चांगला उमगला होता. १८६३ मध्ये काढलेल्या बालहत्या प्रतिबंधक गृहाचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. दुष्काळात पुण्याजवळ धनकवडी येथे सत्यशोधक समाजाने व्हिक्टोरिया बालाश्रम उघडला, आणि मे १८७७ मध्ये जोतीरावांनी त्यासाठी मदतीचे जाहीर आवाहन केले. ओतूरच्या पत्रानंतर सुमारे महिन्याभराने हे आवाहन निघाले, हा क्रम अर्थपूर्ण आहे. राणीचे नाव देण्यामागे निष्ठेबरोबर सावधगिरीही असावी. जुन्नरमधील धरपकडीनंतर असे नाव पाठीशी असणे उपयोगी होते. पुढे १९०१ मध्ये शाहू छत्रपतींनी कोल्हापुरात काढलेल्या पहिल्या वसतिगृहालाही व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग हेच नाव मिळाले. धनकवडीचा आश्रम मात्र संकटकाळापुरता होता. त्यातून कायमची संस्था उभी राहिली नाही.

पुण्यात निराधार विद्यार्थ्याला जगविणारी एक व्यवस्था पूर्वापार होतीच. वार लावून जेवणे आणि माधुकरी मागणे हीच ती. आठवड्याच्या सात वारांना सात घरे, किंवा झोळी घेऊन ठरलेल्या दारी शिजलेले अन्न. या आधारावर विद्वानांच्या कित्येक पिढ्या शिकल्या. १९०९ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाने ही एकट्याची भिक्षा सामुदायिक केली. माधुकरी मागून आणणारे विद्यार्थी एका छपराखाली राहू लागले आणि भिक्षेला संस्थेचे रूप आले. ही प्रगती लहान नव्हे. परंतु माधुकरीची दारे जातीने ठरलेली होती. ओतूरच्या कुणब्याच्या किंवा महाराच्या पोरक्या मुलाला पुण्यातील कोणत्या घरी वार मिळाला असता? सोवळ्याच्या स्वयंपाकघरावर उभा असलेला हा निधी त्याच्यापर्यंत पोहोचणे शक्यच नव्हते.

दरम्यान पुणे जिल्ह्यातच लहान वर्गणीचे सामर्थ्य दुसऱ्या क्षेत्रात सिद्ध झाले होते. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून वर्षाला एक पैसा मागून पैसा फंड उभा केला, आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. थोड्याथोडक्या लोकांची मोठी देणगी न मागता पुष्कळांचा अल्प वाटा मागावा, ही कल्पना तेव्हा रूढ होत होती.

निवाऱ्याच्या कामी ती धान्याच्या रूपाने आली. भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले; १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले. वसतिगृहासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरील दागिने, अखेर मंगळसूत्रही, मोडले, हे सर्वश्रुत आहे. तथापि इतिहासाच्या दृष्टीने त्याहून दूरगामी ठरला तो मुष्टिफंड. गृहिणीने दळणापूर्वी मूठभर धान्य बाजूला टाकावे आणि ते वसतिगृहासाठी गोळा व्हावे, अशी ही योजना होती. मूठ कच्च्या धान्याची असल्याने तिला विटाळ नव्हता. ती रोजची असल्याने झरा आटत नव्हता. आणि ती देणारी स्त्री बहुधा स्वतःच गरीब असल्याने घेणाराला ओशाळे वाटण्याचे कारण नव्हते. माधुकरी आणि दुष्काळी वर्गणी या दोहोंतील उणिवा येथे एकदम भरून निघाल्या.

वसतिगृहातील मुले स्वयंपाकापासून शेतीपर्यंतची कामे स्वतः करीत. १९४७ मध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले, तेव्हा याच रीतीला ‘कमवा आणि शिका’ योजनेचे रूप देण्यात आले, आणि निधीचा एक हिस्सा विद्यार्थ्याच्या स्वतःच्या श्रमातून येऊ लागला.