पऱ्हाटीतून निघालेला सूर

यवतमाळला शकुंतला रेल्वेच्या स्टेशनात उभे राहा. गाडी बंद पडली आहे, रुळांमधून गवत वर आलं आहे. ही अरुंद लाइन १९०३ साली मूर्तिजापूरपर्यंत घातली गेली ती मुख्यतः कापसासाठी. इथल्या गाठी मुंबईला जायच्या आणि तिथून बोटीनं मँचेस्टरला. आता हातात एक फुटलेलं बोंड घ्या. कापूस ओढताना वाळलेल्या बोंडाचं टोक बोटाला टोचेल. ती टोच विसरू नका. आज तुम्हाला तिच्या मागावर जायचं आहे.

१८६२. रूळ नाहीत, स्टेशन नाही, यवतमाळ अजून जिल्ह्याचं गावही नाही. धुळीतून लमाणांचा तांडा येतो आहे. बैलांच्या पाठीवर गोण्या लादलेल्या, पुढे नायक. एक बाई ओळ टाकते, मागच्या बाया ती उचलतात, बैलांच्या घुंगरमाळांचा ठेका धरून पुढे नेतात. यंदा कापसाला कधी नव्हे असा भाव आला आहे. का आला, ते या बायांना कुणी सांगितलेलं नाही. अमेरिकेत यादवी पेटली आहे. लिंकनच्या आरमारानं दक्षिणेकडची बंदरं अडवली आहेत. इंग्लंडला लागणाऱ्या कापसातले चारातले तीन हिस्से तिथून यायचे, ते थांबले. लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या आणि व्यापाऱ्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली.

तो तिकडचा कापूस कोण वेचत होतं? थोडं मागे आणि पार समुद्रापलीकडे चला.

मिसिसिपी नदीच्या काठची गाळाची जमीन. कापसाचे तास ओळखीचे, बोंडं ओळखीची, बोटांना तीच टोच. तुम्हीही वाकता, गळ्यातल्या लांब पोत्यात कापूस भरत जाता. संध्याकाळी काटा होतो. तो काटा पाहून आपल्याकडची वेचणी आठवेल, पण घाईनं बरोबरी करू नका. आपल्याकडे वेचणाऱ्या बाईला किलोमागे मजुरी मिळते, कमी मिळते, त्यावरून भांडणं होतात. इथं वजन कमी भरलं तर पाठीवर चाबूक पडतो, आणि ती पाठ, तिच्या पोटी येणारं मूल, दोन्ही मालकाच्या वहीत लिहिलेली आहेत. १८६० च्या सुमाराला अशी जवळजवळ ४० लाख माणसं होती.

अंधार पडता पडता एक पुरुष आरोळी देतो. शब्द फारसे नाहीत, सूर लांबत जातो, वर चढून मोडतो. चार तासांपलीकडून दुसरा त्याला उत्तर देतो. नीट कान द्या: त्याचा गंधार कोमल नाही आणि शुद्धही नाही, दोहोंच्या मध्ये कुठेतरी थरथरतो आहे. पियानोच्या पट्ट्यांमध्ये त्याला जागा नाही. मींड ऐकत वाढलेल्या आपल्या कानाला तो लगेच सापडतो. हा मधला सूर पुढे ब्लूज गाण्याचा प्राण झाला. त्या गाण्याची घडणही साधी आहे: एक ओळ, तीच ओळ पुन्हा, आणि तिसरी ओळ जवाब म्हणून.

ढोल कुठे आहे, असं तुम्ही विचाराल. कॅरोलिनात १७३९ साली गुलामांनी ढोल वाजवत बंड केलं आणि पुढच्याच वर्षी कायद्यानं त्यांचे ढोल बंद केले. मग मांडी, छाती, टाळ्या, टाच यांचाच ढोल झाला. एका शहरात मात्र रविवारी ढोल वाजत राहिला. १८१९ साली न्यू ऑर्लिन्सच्या त्या मैदानात उभे राहा, ज्याला पुढे काँगो स्क्वेअर म्हणू लागले. गोल करून शेकडो माणसं नाचत आहेत. कुणी हातांनी ढोल बडवतो आहे, कुणी भोपळ्याचं तारवाद्य छेडतो आहे. लॅट्रोब नावाचा एक वास्तुविशारद कडेला उभा राहून ती वाद्यं कागदावर रेखाटतो आहे. त्याला हे सगळं रानटी वाटलं, पण चित्रं त्यानं काढली, म्हणून आज आपल्याला ती वाद्यं दिसतात.

युद्ध १८६५ ला संपलं. गुलामी कायद्यानं गेली, वऱ्हाडात कापसाचे भाव कोसळले. आठ वर्षांनी पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ छापली आणि हे बंधन तोडण्यासाठी झटलेल्या अमेरिकी लोकांना ती अर्पण केली. हे नातं आपल्याकडे कुणीतरी तेव्हाच ओळखलं होतं.

आता १९०५. पुन्हा न्यू ऑर्लिन्स. एका प्रेतयात्रेत तुम्ही चालत आहात. लष्करी बँडमधली पितळी वाद्यं या शहरात गोरगरिबांच्या हाती आली आहेत. आपल्या वरातीतला बँडसुद्धा लष्करी बँडाचाच वारस आहे. जाताना लय धीमी, पावलं जड. माती दिल्यावर मात्र ढोलावर थाप पडते आणि सगळा घोळका नाचत परत फिरतो. कॉर्नेट चाल धरून ठेवतो, क्लॅरिनेट वेलासारखा तिच्याभोवती चढतो, ट्रॉम्बोन खालून घसरत येतो. कागदावर काही लिहिलेलं नाही. प्रत्येक जण दुसऱ्याचं ऐकून तिथल्या तिथे उत्तर देतो आहे. शेतातली ती आरोळी आता पितळेतून निघते आहे. हाच जाझ.

या शहरात बडी बोल्डनचा कॉर्नेट सगळ्यांत दणदणीत. या वाजवण्याचा मूळपुरुष म्हणून पुढच्यांनी त्याचंच नाव घेतलं. १९०७ साली त्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं, १९३१ साली तिथेच तो गेला. जाझची पहिली तबकडी १९१७ ला निघाली ती गोऱ्या वादकांची. बोल्डनचा एक सूरही आज कुठे ऐकायला मिळत नाही.

पुढचं झपाट्यानं पाहा. लुई आर्मस्ट्राँग १९२२ ला शिकागोला जातो, आणि सगळ्यांनी मिळून वाजवण्यातून एकट्याची तान वर येते. १९२७ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये ड्यूक एलिंग्टनचा वाद्यवृंद एका क्लबात बसतो. वाजवणारे काळे, ऐकणारे फक्त गोरे, आणि क्लबाचं नाव कॉटन क्लब. ते नाव पाहून तुमच्या बोटातली टोच पुन्हा जागी होईल. इथून स्विंगचा जमाना सुरू होतो, सगळा देश त्यावर नाचतो. चाळीसच्या दशकात चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी, थेलोनियस मंक यांनी ती नाचाची चाकरी नाकारली. वेगवान, अवघड, बसून ऐकायचा बीबॉप त्यांनी घडवला. मला त्यात फार मोठा स्वाभिमान दिसतो.

परत फिरताना मुंबईला थांबा. १९३५ साली ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबीचा काळ्या वादकांचा बँड आला. चर्चमध्ये नोटेशन शिकलेल्या गोव्याच्या वादकांनी हे संगीत आपलंसं केलं. त्यांच्यातला चिक चॉकलेट ट्रम्पेट घेऊन संगीतकार सी. रामचंद्रांकडे आला, आणि १९५१ च्या ‘अलबेला’त भगवानदादा त्या ठेक्यावर नाचले. तोच नाच आपल्या वरातीत आजही चालतो. असा तो सूर हॉटेल, सिनेमा, वरात करत कापसाच्या मुलखात परतला.

पुन्हा यवतमाळ. पुसद, दिग्रस, दारव्हा, आर्णीकडच्या लमाण तांड्यांत होळी आली की डफ निघतो, लेंगी गाणी सुरू होतात. एक जण ओळ टाकतो, बाकीचे झेलतात. लग्नात नवरी ढावलो म्हणते तेव्हा रडणं कुठे संपलं आणि गाणं कुठे सुरू झालं ते कळत नाही. ही गाणी जाझ आहेत असं मी म्हणत नाही. पण ज्या कानानं तुम्ही ती शेतातली आरोळी ऐकलीत, त्याच कानानं ती ऐकण्याजोगी आहेत. ती पुरी येणाऱ्या बाया म्हाताऱ्या होत चालल्या आहेत.

बोल्डनच्या काळी आवाज टिपणारं यंत्र दुर्मीळ होतं. तुमच्या खिशात ते आहे. येत्या होळीला तांड्यावर जा. आजीला विचारून फोन समोर ठेवा, तिचं नाव, तांडा आणि तारीख सुरुवातीला बोला, आणि ती गाऊन थांबेपर्यंत मध्ये एक शब्दही बोलू नका.