व्हेरा चास्लाव्स्का (१९४२–२०१६)
* मूळ मजकुरात ‘तिने मान फिरवली’ एवढेच आहे. चेकोस्लोव्हाकियाच्या या जिम्नॅस्टची ऑलिंपिकमधली सातही सुवर्णपदके वैयक्तिक प्रकारांतली. १९६४ आणि १९६८ असे लागोपाठ दोनदा सर्वांगीण विजेतेपद. ‘दोन हजार शब्द’ या सुधारणावादी जाहीरनाम्यावर त्यांची सही होती. त्यामुळे ऑगस्ट १९६८मध्ये सोव्हिएत रणगाडे देशात घुसताच त्या डोंगरात लपल्या. सराव मात्र सोडला नाही : झाडाच्या फांदीला झोके घ्यायचे, बटाट्यांची पोती उचलायची. ऑक्टोबरमध्ये मेक्सिको सिटीत पदकमंचावर सोव्हिएत राष्ट्रगीत वाजताना त्यांनी मान खाली घालून तोंड वळवले. सुवर्णपदकांइतकेच मोल मी या निषेधाला देतो. मायदेशी त्यांना अनेक वर्षे बाजूला सारले गेले. १९८९नंतर त्या राष्ट्राध्यक्ष हावेल यांच्या सल्लागार झाल्या. — संपा.