किडनीच्या गाळण्यांवर वण: एफएसजीएस कसा ओळखावा?

फोकल सेगमेंटल ग्लोमेरुलोस्क्लेरोसिस, म्हणजेच एफएसजीएस, या आजारात किडनीतल्या काही सूक्ष्म गाळण्यांवर, तेही गाळणीच्या एखाद्या भागावर, वण पडतात. मग रक्तातलं प्रथिन लघवीवाटे वाहून जातं.

सकाळी पापण्या सुजतात. संध्याकाळी पायावर बोट दाबलं की खड्डा पडतो. लघवीला फेस येतो आणि लवकर विरत नाही. घरात कुणी याला ॲलर्जी म्हणतं, कुणी नजर. अंगात पाणी साठून वजन वाढतं, तर पोर अंगानं भरलं म्हणून अम्मी खूश! दुआ जरूर करा, पण लघवीची तपासणी लांबवू नका. कोंडाणे-कोंदिवड्याच्या लोकांना त्यासाठी कर्जतचं उपजिल्हा रुग्णालय जवळ आहे.

मोठ्या माणसात दिवसाला ३.५ ग्रॅमपेक्षा जास्त प्रथिन जात असेल, रक्तातलं आल्बुमिन घटलं असेल आणि सूज असेल, तर त्याला नेफ्रोटिक सिंड्रोम म्हणतात. हे लक्षणांचं नाव झालं. मूळ आजार शोधावाच लागतो. लहान मुलांत बहुतेक वेळा स्टेरॉइडने प्रथिन जाणं थांबतं, म्हणून आधी औषध देतात. ४ ते ६ आठवड्यांत फरक पडला नाही तर बायोप्सी. मोठ्यांत बहुधा बायोप्सीच आधी.

परळचं केईएम, भायखळ्याचं जे.जे. इथे किडनीचे विभाग आहेत. जागा बधिर करून, सोनोग्राफीत पाहत सुईने किडनीचा बारीक तुकडा काढतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. वण मोजक्याच गाळण्यांवर असल्याने ते तुकड्यात न येण्याचीही शक्यता असते. तेव्हा पुन्हा बायोप्सी सांगितली तर लगेच डॉक्टरांवर संशय नको.

वण दिसले तरी कारण उरतंच: लठ्ठपणा, एचआयव्ही, लहानपणी लघवी उलटी किडनीकडे जाणं, किंवा जनुकातला दोष. आपल्याकडे चुलत-मामे भावंडांत निकाह होतात. डॉक्टरांनी विचारलं तर लपवू नका. एनपीएचएस२सारख्या जनुकाचा दोष अम्मी-अब्बा दोघांकडून आला तरच मूल आजारी पडतं, म्हणून एकट्या सुनेला बोल लावण्यात अर्थ नाही. अशा मुलांना स्टेरॉइड सहसा लागू पडत नाही. जनुकीय तपासणीत हे कळलं, तर महिनोन्‌महिने नाहक स्टेरॉइड खाणं वाचतं.