जीन नॉकडाउन : बेडूक आणि माशांच्या भ्रूणांवरून जनुकाचे काम कसे ओळखतात?

मुलाची वाढ मंद आहे, चालताना तोल जातो किंवा झटके येतात, म्हणून हल्ली जनुकीय तपासणी सांगितली जाते. काही आठवड्यांनी अहवाल येतो आणि त्यात एखाद्या जनुकाचे नाव आणि पुढे ‘अर्थ अनिश्चित असलेला बदल’ असा शेरा असतो. आजार याच बदलामुळे झाला का, हे तेवढ्यावरून सांगता येत नाही. असे प्रश्न सोडवण्याच्या मार्गांपैकी एक मार्ग बेडूक आणि माशांच्या भ्रूणांमधून जातो. तो कसा चालतो आणि रुग्णाच्या कुटुंबाने त्यातून काय घ्यावे, हे या लेखात पाहू.

नॉकडाउन म्हणजे काय?

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनए असतो. त्यातला एक जनुक म्हणजे साधारणपणे एक प्रथिन बनवण्याची सूचना. तलाठ्याकडे सातबाऱ्याची मूळ नोंद असते आणि काम मात्र नक्कल घेऊन होते. पेशीतही तसेच आहे. मूळ नोंद डीएनएमध्ये राहते, तिची नक्कल म्हणजे आरएनए, आणि नकलेवरून प्रथिन तयार होते.

मूळ नोंदच कायमची बिघडवली तर त्याला ‘नॉकआउट’ म्हणतात. मूळ नोंद तशीच ठेवून फक्त नकला निकामी केल्या तर प्रथिन कमी बनते, हे ‘नॉकडाउन’. प्रथिन कमी झाल्यावर शरीरात काय बिघडते ते पाहिले की त्या जनुकाचे नेहमीचे काम कळते.

यासाठी ‘मॉर्फोलिनो’ नावाचा कृत्रिम रेणू वापरतात. तो साधारण २५ अक्षरांचा असतो आणि ठरावीक आरएनएलाच चिकटतो. सन २००० मध्ये बेडूक आणि झेब्राफिश या दोन्हींच्या भ्रूणांत तो परिणामकारक ठरल्याचे प्रसिद्ध झाले. बेडकाच्या भ्रूणात बीटा-कॅटेनिन या प्रथिनाची निर्मिती रोखली, तेव्हा पाठीकडचा भाग आणि डोके तयार झाले नाही. शरीराचा आराखडा आखण्यात त्या प्रथिनाचा वाटा किती मोठा आहे, हे त्यातून दिसले.

बेडूक आणि मासेच का?

- अंडी शरीराबाहेर वाढतात. त्यामुळे मादीला न कापता भ्रूणाची वाढ पाहता येते.
- झेब्राफिश हा आपल्याच उपखंडातला बोटाच्या पेराएवढा पट्टेरी मासा. त्याचे भ्रूण पारदर्शक असते. साधारण एका दिवसात हृदय धडधडू लागते आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली जिवंतपणी दिसते.
- माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांचे जोडीदार जनुक या माशात सापडतात.
- आफ्रिकेतल्या झेनोपस बेडकाचे अंडे एक मिलिमीटरपेक्षा थोडे मोठे असते, त्यामुळे सुई टोचणे सोपे जाते. भ्रूण दोन पेशींचे असताना त्यातल्या एकाच पेशीत मॉर्फोलिनो दिला, तर शरीराच्या एका बाजूवर परिणाम होतो आणि दुसरी बाजू तुलनेसाठी जशीच्या तशी राहते.

पावसाळ्यात बिंदुसरा तलावाच्या काठी ओरडणारे आपले बेडूक वेगळ्या जातीचे. पण अंडे, डिंभ आणि मग बेडूक हा वाढीचा क्रम तोच.

रुग्णातला बदल दोषी आहे का, हे कसे ठरवतात?

१. माशाच्या भ्रूणात तो जनुक नॉकडाउन करतात आणि कोणता दोष येतो ते पाहतात.
२. त्याच भ्रूणाला माणसाच्या निरोगी जनुकाचा आरएनए देतात. दोष भरून निघाला, तर दोष त्याच जनुकाच्या कमतरतेमुळे होता हे पक्के होते.
३. आता निरोगी आरएनएऐवजी रुग्णात सापडलेला बदल असलेला आरएनए देतात. दोष तसाच राहिला, तर तो बदल घातक असण्याला पुष्टी मिळते.

मात्र हा पुरावा एकटा पुरत नाही. मुलाची लक्षणे, आईवडिलांची तपासणी आणि इतर रुग्णांच्या नोंदी यांच्या जोडीने तो वाचावा लागतो.

महाराष्ट्रातले काम

पुण्याच्या आयसर संस्थेत अर्णब घोष यांच्या गटाने झेब्राफिशमधल्या एफएमएन२बी या जनुकाचा अभ्यास केला आणि २०२१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. माणसातल्या याच जनुकाचा संबंध बौद्धिक अक्षमतेशी जोडला गेला आहे. जनुकाचे काम कमी केल्यावर माशाच्या पिलात चेतातंतूंचा एक विशिष्ट जोड नीट बनला नाही. पिलांना आवाज कळत होता, पण दचकून झटकन पळण्याची क्रिया कमी झाली.

पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेत चिन्मय पात्रा यांचा गट झेब्राफिशच्या हृदयावर काम करतो. हा मासा जखमी झालेला हृदयाचा स्नायू पुन्हा वाढवू शकतो, माणसाला ते जमत नाही. त्यात कोणते जनुक मदत करतात, हा त्यांचा शोध आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत महेंद्र सोनवणे यांच्या गटाने याच माशावर त्वचेच्या पेशींचा अभ्यास केला आहे.

या सगळ्या प्रयोगशाळा आहेत. तिथे रुग्णांवर उपचार होत नाहीत.

यातून औषधे निघाली का?

हो, याच तत्त्वाच्या जवळची औषधे आज आहेत.

- एटेप्लिरसेन : हे औषध रासायनिकदृष्ट्या मॉर्फोलिनोच आहे. ड्युशेन स्नायुदुर्बलतेच्या काही ठरावीक रुग्णांसाठी, साधारण १३ टक्क्यांसाठी, ते लागू पडू शकते. अमेरिकेत २०१६ मध्ये मंजुरी मिळाली. फायदा मर्यादित आहे. आजार मुळापासून जात नाही.
- न्यूसिनर्सेन : पाठीच्या कण्यातील स्नायू-क्षय, म्हणजे एसएमए, या आजारासाठी. मंजुरी २०१६ चीच. हे औषध जनुक दाबत नाही. आरएनएची जोडणी सुधारून उपयोगी प्रथिन वाढवते. ते कण्यातून द्यावे लागते. एसएमएचा जनुक झेब्राफिशमध्ये नॉकडाउन केल्यावर स्नायूंकडे जाणारे चेतातंतू नीट वाढत नाहीत, हे २००३ मध्येच दिसले होते.
- इन्क्लिसिरान : वाढलेल्या कोलेस्टेरॉलसाठी. यकृतातल्या एका जनुकाच्या नकला नष्ट करते. सुरुवातीच्या डोसांनंतर सहा महिन्यांतून एक इंजेक्शन.

मर्यादा

मॉर्फोलिनोचा असर काही दिवसच टिकतो, कारण पेशी वाढत जातात तसा तो विरळ होतो. कधी तो भलत्याच ठिकाणी परिणाम करतो. २०१५ मध्ये असे दिसून आले, की नॉकडाउनमध्ये आलेले अनेक दोष तोच जनुक नॉकआउट केलेल्या माशांत येत नाहीत. काही वेळा मॉर्फोलिनोचा दुष्परिणाम हे कारण असते. काही वेळा कायमचा जनुक गेल्यावर शरीर दुसऱ्या जनुकांकडून काम भागवून घेते. म्हणून आता दोन्ही पद्धती ताडून पाहतात.

त्यामुळे ‘माशावर यश’ ही बातमी वाचून औषध आले असे समजू नका. आणि कोणी ‘जीन थेरपीने बरे करतो’ म्हणून लाखो रुपये रोख मागत असेल, तर पैसे देण्याआधी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांना विचारा. जमीन विकण्याआधी तर नक्कीच.

कुटुंबाने काय करावे?

- अंगणवाडी आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते. मुलाची तपासणी मोफत होते. शंका असेल तर त्यांच्याकडून बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पुढे पाठवण्याची चिठ्ठी मागा.
- राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरण २०२१ नुसार ठरावीक आजारांसाठी ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. मुंबईचे केईएम रुग्णालय त्यासाठीचे एक नेमलेले केंद्र आहे. अर्ज रुग्णालयामार्फतच होतो.
- मामाची मुलगी किंवा आत्याचा मुलगा अशा नात्यात लग्न झाले असेल तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. आईवडील दोघेही एकाच दोषाचे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. दोष एकट्या आईचा नसतो.
- पुढचे मूल हवे असेल तर गरोदर राहण्याआधीच जनुकीय सल्ला घ्या. गर्भाच्या आजाराची तपासणी नोंदणीकृत केंद्रात कायदेशीर आहे. लिंग तपासणे गुन्हा आहे. वारेच्या पेशींची तपासणी साधारण ११ ते १३ आठवड्यांत होते. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांनी फडावर निघण्याआधी हे ठरवावे आणि मूळ अहवालाची झेरॉक्स सोबत ठेवावी.
- ‘अर्थ अनिश्चित’ असा अहवाल फेकू नका. नवी माहिती आली की शेरा बदलू शकतो. वर्ष-दोन वर्षांनी तो पुन्हा वाचून घ्या.
- अनिश्चित बदलाच्या जोरावर गर्भपाताचा किंवा मुलीचे लग्न मोडण्याचा निर्णय कधीही घेऊ नका.

निदान लागेपर्यंत फिजिओथेरपी, झटक्यांची औषधे, पोषण आणि लसीकरण सुरूच ठेवा. जनुकाचे नाव कळायला वेळ लागला तरी मुलाची काळजी आजपासून घेता येते, आणि तिचा फायदा आजच होतो.