पलीकडचे घर

महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचे नाव लिहिणे सक्तीचे केले, तेव्हा आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत त्यावर पुष्कळ चर्चा झाली. "हे काहीतरी नवेच काढले," असे एक सहकारी म्हणाले. मला हसू आले. मी मॅट्रिक झालेली साधी शिक्षिका, चार कादंबऱ्या लिहिल्या म्हणून गावात लोक ओळखतात इतकेच. पण आमच्या दोडामार्गच्या मुलुखात आईच्या नावाने चालणारी घरे पिढ्यान् पिढ्या होती, हे कळायला फार शिकावे लागत नाही. फक्त त्या काळी त्याचा कोणी नियम केला नव्हता. तो डाग समजला जाई.

अशा एका घराशी आमच्या घराचा संबंध होता. तो सांगायचा तर आधी थोडा इतिहास सांगणे भाग आहे. फराळाच्या ताटावर असला विषय कशाला, असे एखाद्या वाचकाला वाटेल. त्याने थोडा धीर धरावा. या हकिकतीत फराळही आहे.

आज दोडामार्ग हा तालुका आहे, पण तो झाला १९९९ साली. त्यापूर्वी आम्ही सावंतवाडीचे. १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत तर राजाची रयत. पलीकडची दिचोलीही एके काळी सावंतवाडीकरांचीच होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस ती पोर्तुगीजांकडे गेली. राज्ये बदलली तरी सोयरिकी, देवस्थाने आणि बाजार बदलले नाहीत. माणसे सकाळी पलीकडे जात आणि संध्याकाळी परत येत.

या दोन्ही बाजूंच्या देवळांना वाहिलेल्या स्त्रिया असत. आमच्याकडे त्यांना भाविणी म्हणत, गोव्यात गाणाऱ्या-नाचणाऱ्या घराण्यांना कलावंत. (हे शब्द पुढे शिवीसारखे वापरले गेले, मी ते केवळ इतिहासापुरते लिहीत आहे.) रत्नागिरी आणि सावंतवाडीच्या १८८० सालच्या जुन्या गॅझेटियरात असे नमूद आहे, की देवळातल्या दिव्याचे तेल डोक्यावर ओतून घेतले की बाई भावीण होई. बस्स, एवढाच विधी. गोव्यातल्या कलावंतांत मुलीचा 'शेंस' होई. तिला नवरीसारखे सजवीत, पण समोर नवरा म्हणून उभी राही ती पुरुषवेष घेतलेली दुसरी मुलगी. लग्नाचा सारा थाट, आणि नवरा तेवढा नाही.

मग पुढे आयुष्यात येई तो 'यजमान'. हा शब्द मोठा मजेदार आहे. आपल्याकडे यजमान म्हणजे घरधनी, नवरा. आणि ज्याच्या घरी पाहुणा उतरतो तोही यजमानच. इथे मात्र घर बाईचे, आणि यजमान हाच पाहुणा! कोणी श्रीमंत जमीनदार, कोणी व्यापारी, कोणी भट. त्याचे लग्नाचे घर वेगळे असे. या घरी तो येई, खर्चाचे पाही आणि जाई. काही जणांचे हे येणे चार महिन्यांत आटपे, काहींचे मरेपर्यंत चाले. मुलांना बापाचे आडनाव मिळत नसे. ती आईच्या गावाचे नाव लावीत.

त्या गावांच्या नावांनी पुढे महाराष्ट्राचे कान तृप्त केले. मंगेशीच्या देवळात अभिषेक करणारे गणेशभट आणि येसूबाई राणे यांचा मुलगा १९०० साली जन्मला. त्याने गावाचे नाव लावले आणि दीनानाथ मंगेशकर झाला. केरीच्या केसरबाईंचा भैरवीचा स्वर १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीतून सूर्यमालेबाहेरच्या प्रवासाला निघाला. कोण कुठली केरी, आणि कुठे ते आकाश! आमच्या शेजारच्या पेडण्यातल्या मालपे गावच्या अंजनीबाई मालपेकर भेंडीबाजार घराण्याच्या. मुंबईचे धनिक वसनजी वेद यांच्याशी त्यांचा संबंध होता. ऐन चाळिशीच्या सुमारास त्यांनी मैफली सोडल्या आणि शिकवणे धरले. १९५८ साली संगीत नाटक अकादमीने त्यांना आपले सदस्यत्व देऊन गौरवले. यांच्या चरित्रांत यजमानाला एखादे वाक्य मिळते. उलट, यजमानांच्या घराण्यांच्या वंशावळींत या बायकांना तेवढेही मिळत नाही. आमच्या वंशावळीत तरी नाही. मी पाहिली आहे.

माझ्या पणजोबांची सुपारीची बाग होती. वयाच्या अठ्ठाविसाव्या-तिसाव्या वर्षी, म्हणजे १९२० च्या आगेमागे, दिचोलीच्या एका गाणाऱ्या बाईकडे त्यांचे जाणे सुरू झाले. घरी पणजी होती, दोन मुले होती. हे जाणे पुढे बेचाळीस-त्रेचाळीस वर्षे चालले. मला हे सगळे आजीने सांगितले. आजी १९३८ साली सून म्हणून या घरात आली आणि २००३ साली गेली. जाईपर्यंत तिची आठवण धारदार होती.

"गो चेडवा," आजी म्हणायची, "घरात तेका तांब्यो हातात मिळायचो. थंय पाणीसुद्धा मागूचा लागायचा."

या एका वाक्यावर मी वर्षानुवर्षे विचार केला आहे. आमच्या घरात पणजोबा मालक होते. ते आले की खोकत, आणि पाणी, पाट, पान सारे आपोआप पुढे येई. कोणी आणले हे त्यांना पाहावे लागत नसे. पलीकडच्या घरी ते खळ्यात उभे राहून आत येऊ का म्हणून विचारीत. पाय धूत. मागत. दिचोलीच्या बाईंना मराठी वाचता येई, पण पुढे डोळे अधू झाले. तेव्हा पणजोबा जुनी मासिके सदऱ्यात घालून नेत आणि त्यांना वाचून दाखवीत. आमच्या घरी त्यांनी कधी कुणाला काही वाचून दाखवल्याचे आजीला आठवत नव्हते. बाईंचा आवाजही उतारवयात बसला. ज्या गाण्यासाठी हा गृहस्थ प्रथम गेला असेल ते गाणे संपले, रूप संपले, तरी जाणे संपले नाही. भांडणेही होत म्हणे. एकदा बाईंनी दार उघडले नाही, तेव्हा हे रात्रभर देवळाच्या सभामंडपात निजून सकाळी पुन्हा खळ्यात उभे.

हे ऐकायला गोड आहे, आणि मीही तरुणपणी ते गोडच समजले होते. माझ्या पहिल्या कादंबरीत मी तसेच रंगवले. आता मला ते पुरते पटत नाही. दार न उघडण्याचा अधिकार त्या बाईला होता खरा, पण किती दिवस? तांदूळ, कपडा, कौले हे सारे पणजोबांच्या सुपारीतून येत होते. उद्या ते आले नसते तर तिला कुठल्या दरबारात दाद मागता आली असती? २००५ सालच्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्याने लग्नासारख्या नात्यात राहणाऱ्या स्त्रीला काही संरक्षण दिले आहे. तिच्या नशिबी त्यातले काही नव्हते. आणि आमच्या पणजीला तर दार लावण्याचीही मुभा नव्हती. पलीकडे मागणे जिवंत राहिले ते अलीकडे न मागण्याच्या जोरावर, हे मला आज दिसते.

त्या बाईंना स्वतःला हे नीट ठाऊक होते, याचा पुरावा त्यांच्या मुलीचे लग्न. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून या समाजात जागृती झाली होती. पैंगीणचे राजाराम पैंगीणकर त्याच समाजात जन्मले आणि मुलींचे शेंस बंद व्हावेत, त्यांची लग्ने व्हावीत, मुलांनी शिकावे म्हणून आयुष्यभर झगडले. त्यांचे 'मी कोण?' हे आत्मचरित्र १९६९ साली आले. त्या नावातच सारे आले, नाही का? समाजाने 'गोमंतक मराठा समाज' असे नवे नाव घेतले. मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासी प्रथेविरुद्ध कायदा झाला. दिचोलीच्या बाईंनी आपल्या मुलीला गाणे शिकवले नाही. तिला मुंबईला मावशीकडे ठेवले आणि तिथे रीतसर लग्न करून दिले. कन्यादान मामाने केले. पणजोबा गेले होते; मांडवात मागच्या रांगेत बसून अक्षता टाकून आले. ज्या प्रेमाचे आपण एवढे कौतुक करू बघतो, ते त्या बाईने आपल्या पोटच्या पोरीसाठी मागितले नाही.

आता फराळाकडे वळते. कोकणात आणि गोव्यात दिवाळी म्हणजे पोहे. नरकचतुर्दशीला पहाटे तुळशीपुढे कारीट फोडायचे, अभ्यंगस्नान करायचे आणि नव्या भाताच्या पोह्यांचे चार-पाच प्रकार खायचे: दुधातले, ताकातले, गुळाचे, बटाट्याचे. पणजोबांचा शिरस्ता ठरलेला होता. पहाटेचे पोहे घरी, आणि दुसऱ्या दिवशी पलीकडे. जाताना कोल्हापुरी गुळाची ढेप न्यायची, येताना बाईंनी कांडून घेतलेले पोहे आणायचे. ते पोहे आमच्या घरी सगळे खात, आणि कुठून आले हे कोणी विचारीत नसे. पणजी तेवढी त्यांना हात लावीत नसे.

१९५५ साली हा रस्ता बंद झाला. त्या वर्षी १५ ऑगस्टला सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले, पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या, आणि मग भारताने सीमा आवळली. माल बंद झाला, माणसांनाही परवान्याशिवाय जाता येईना. पणजोबा पासष्टीच्या घरातले. ते माझ्या आजोबांना बरोबर घेऊन परवाना मागायला गेले. टेबलापलीकडच्या माणसाने विचारले, "पलीकडे कोण आहे?" पणजोबांनी बाईंचे नाव सांगितले. "कोण लागते तुमची?" बायको म्हणता येईना, बहीण म्हणवेना. आजोबा सांगत, बाबा बराच वेळ उभे राहिले, मग टोपी घातली आणि काही न बोलता बाहेर आले. पस्तीस वर्षांच्या नात्याला त्या कागदावर लिहायला शब्द नव्हता.

सात दिवाळ्या अशा गेल्या. पण नाकेबंदी झाली तशी चोरटी ये-जाही वाढली. रानवाटेने रात्री माल नेणारे लोक होते. पणजोबा त्यांतल्या एकाकडे दर दिवाळीला गुळाची ढेप देत, आणि आठ-दहा दिवसांनी फडक्यात बांधलेले पोहे येत. एका वर्षी पोहे आले ते पावसाने भिजून आंबलेले. पणजोबांनी ते उन्हात वाळवले आणि एकट्याने खाल्ले. पणजी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती.

१८ डिसेंबर १९६१ ला पहाटे भारतीय फौज गोव्यात शिरली. तिची एक वाट आमच्या दोडामार्गावरून होती. रात्रभर गाड्यांचा आवाज येत होता, असे आजी सांगे. दुसऱ्या दिवशी पोर्तुगीजांनी शरणागती दिली. नाताळ झाल्यावर पणजोबांनी बैलगाडी जुंपायला सांगितली. त्यांना नीट दिसत नव्हते, म्हणून आजी सोबत गेली. पोर्तुगीजांनी माघार घेताना दिचोलीचा पूल उडवला होता. गाडी पात्रातून घालावी लागली. म्हाताऱ्याचे धोतर गुडघ्यापर्यंत भिजले.

घरापाशी पोचल्यावर आजीला वाटले, सहा वर्षांनी आलेला माणूस धावत आत जाईल. ते खळ्यात उभे राहिले. खोकले नाहीत. म्हणाले, "येवं?"

आतून बऱ्याच वेळाने आवाज आला, "येवा."

आजी म्हणायची, त्या दोन शब्दांनी माझ्या अंगावर काटा आला, आणि लगेच सासूबाईंची आठवण होऊन लाज वाटली.

पणजोबा १९६४ च्या पावसाळ्यात गेले. दिचोलीला निरोप कोणी द्यायचा, हे कोणी ठरवले नाही. तो आपोआप पोचला. बाई आल्या नाहीत. त्या वर्षी आमच्या घरी दिवाळी नव्हती. घरात माणूस गेलेले असले की त्या वर्षी फराळ करायचा नाही. शेजारीपाजारी, सोयरेधायरे आणून देतात ते खायचे, अशी आपल्याकडे रीत आहे. नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी दिचोलीहून एक गाडीवान आला आणि ओटीवर गाठोडे ठेवून उभा राहिला. नेहमीचेच फडके, नेहमीचेच पोहे.

आजी ते उचलून आत न्यायला निघाली, तेव्हा पणजीने तिला थांबवले. सगळ्यांना वाटले, आता ती ते परत पाठवणार. पणजी थोडा वेळ गाठोड्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तिच्याकडे कोणी धाडल्यानी?"

कोणी उत्तर दिले नाही. तिच्या घरी सुतक आहे हे कोणाच्या मनातच आले नव्हते.

पणजी उठली. आपल्या हाताने पोहे सुपात ओतले, फडके झटकले, कोठीतून गुळाची ढेप काढून त्यात बांधली आणि गाडीवानाला पाणी प्यायला सांगितले.