नाडी, ठोका आणि मनगटी घड्याळ : हृदयमापनाच्या इतिहासातील एक प्रकरण

मराठीत घड्याळालाही ठोके असतात आणि हृदयालाही. ‘नाडी’ हा शब्द तर याहून जुना साक्षीदार आहे. वैद्याच्या बोटांखाली उडते ती नाडी. आणि प्राचीन कालगणनेत अहोरात्राचा साठावा भाग, म्हणजे २४ मिनिटांचा काळ, तीही नाडीच. शब्दाचा मूळ अर्थ नळी. रक्त वाहून नेणारी ती देहातील नळी. आणि कौटिलीय अर्थशास्त्रात कुंभाच्या चार अंगुळे लांबीच्या नळीतून आढकभर पाणी गळून जाण्यास लागणारा काळ, ती ‘नालिका’. ड आणि ल यांची अशी अदलाबदल संस्कृतात अपरिचित नाही. सूर्यसिद्धान्तात सहा प्राणांची एक विनाडी, साठ विनाडींची एक नाडी आणि साठ नाडींचे एक अहोरात्र असे कोष्टक आहे. त्या हिशेबाने एक प्राण, म्हणजे एक श्वास, ४ सेकंदांचा ठरतो.

देहाच्या लयीने काळ मोजावा, ही येथील कल्पना. काळाच्या मापाने देहाची लय मोजावी, ही तिच्या उलट दिशेची कल्पना होय. आणि आज असंख्य मनगटांवर दिसणारे, हृदयाचे ठोके मोजणारे घड्याळ, ज्यास स्मार्टवॉच म्हणतात, ते या दुसऱ्या कल्पनेचे अगदी अलीकडचे फळ आहे. त्याचा उपयोग किती आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, हे ठरविताना त्याचा पूर्वेतिहास पाहणे उद्बोधक ठरते. कारण त्या मर्यादांपैकी बहुतेक मर्यादा घड्याळाने वारशाने घेतलेल्या आहेत.

गुण आणि संख्या

आयुर्वेदाच्या चरक व सुश्रुत या प्राचीन संहितांत नाडीपरीक्षेचे स्वतंत्र विवेचन नाही. ते शार्ङ्गधरसंहितेत प्रथम स्पष्टपणे येते. तेथे नाडीचे वर्णन प्राण्यांच्या गतीवरून केले आहे : वाताच्या प्रकोपात ती जळू व सर्प यांप्रमाणे, पित्ताच्या प्रकोपात कावळा व बेडूक यांप्रमाणे, आणि कफाच्या प्रकोपात हंस व पारवा यांप्रमाणे चालते. येथे नाडी ‘किती’ चालते यापेक्षा ती ‘कशी’ चालते, या प्रश्नाला महत्त्व आहे.

संख्येचा मार्ग अन्यत्र शोधला गेला. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया येथील हिरॉफिलस हा वैद्य जलघटिकेच्या साहाय्याने नाडी मोजीत असे, असा उल्लेख मिळतो. सतराव्या शतकाच्या आरंभी इटलीतील सांतोरिओ याने लंबकाची दोरी कमी-अधिक करून तिचे आंदोलन नाडीशी जुळविण्याचे उपकरण योजिले. १६७५ मध्ये हायगेन्सने घड्याळात केसासारख्या बारीक स्प्रिंगचा उपयोग प्रसिद्ध केला आणि खिशातील घड्याळ भरवशाचे होऊ लागले. त्यानंतर १७०७ मध्ये इंग्लंडातील लिचफील्ड येथील वैद्य जॉन फ्लॉयर याने नाडीमापनाच्या घड्याळावर ग्रंथ प्रसिद्ध केला. बरोबर एक मिनिट चालणारे घड्याळ त्याने खास करवून घेतले होते.

फ्लॉयरचे उदाहरण विशेष विचारात घेण्याजोगे आहे. त्याने नाडीच्या संख्यांची कोष्टके रचिली; परंतु संख्या वाढली तर शीत उपचार आणि घटली तर उष्ण उपचार, असा जुन्या दोषसिद्धान्तालाच धरून त्याने निष्कर्ष काढला. गणन नवे होते, निदान जुनेच राहिले. संख्या हाती आली म्हणजे तिचा अर्थही हाती आला असे होत नाही, हे येथे प्रथमच इतक्या स्पष्टपणे दिसते. नाडी घड्याळाने मोजणे हा वैद्यकातील नित्याचा प्रघात होण्यास पुढे एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

मनगटापासून हृदयापर्यंत

१८६० मध्ये फ्रान्समध्ये एतिएन-झ्यूल मारे याने नाडीची लाट कागदावर उमटविणारे सुटसुटीत उपकरण सिद्ध केले. त्यामुळे नाडीचा अनियमितपणा डोळ्यांनी पाहता येऊ लागला. तथापि मनगटावरील लाट हा परिणाम आहे. कारण हृदयात आहे. ते कारण नोंदविण्याचे साधन नेदरलंड्समधील लायडन येथे विलेम आइंटहोवेन याने विसाव्या शतकाच्या आरंभी घडविले. हात व पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत ठेवून हृदयाचा विद्युत्-आलेख, म्हणजे ईसीजी, घेतला जाई. १९२४ मध्ये आइंटहोवेनला नोबेल पारितोषिक मिळाले.

या आलेखामुळेच १९०९ मध्ये लंडन येथे टॉमस लुईस यास सतत अनियमित चालणाऱ्या नाडीचे रहस्य उलगडता आले. हृदयाचे वरचे दोन कप्पे, म्हणजे अलिंद, एकदम आकुंचित न होता नुसते थरथरत राहतात. या अवस्थेस एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. अशा हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत जाण्याचा, म्हणजे पक्षाघाताचा, धोका वाढतो. या रोगात हृदयाचे काही ठोके इतके दुबळे पडतात की ते मनगटापर्यंत पोहोचतच नाहीत. म्हणून छातीवर नळी लावून मोजलेली संख्या आणि मनगटावर मोजलेली संख्या यांत अंतर पडते. मनगटावरून हृदय वाचण्याची ही पहिली मर्यादा, घड्याळात विद्युत्-यंत्रणा येण्याच्या कितीतरी आधीची आहे.

आजचे घड्याळ दोन जुन्या मार्गांनी काम करते. पहिला मार्ग प्रकाशाचा. त्वचेवर टाकलेल्या प्रकाशातील किती भाग रक्त शोषून घेते, यावरून नाडी ओळखण्याची पद्धत अमेरिकेत आल्रिक हर्ट्झमन याने १९३० नंतरच्या दशकात विकसित केली. घड्याळाच्या पाठीमागचा हिरवा प्रकाश हेच करतो. दुसरा मार्ग विजेचा. डाव्या मनगटावरील घड्याळाला उजव्या हाताचे बोट लावले असता दोन हातांमधील विद्युद्‌भेद नोंदला जातो. आइंटहोवेनने मिठाच्या पाण्यात दोन हात ठेवून घेतलेली पहिली नोंद ती हीच. अॅपल कंपनीच्या २०१८ मधील घड्याळात ही सोय आली आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तिला अनुमती दिली.

या दोन मार्गांवरून दोन मर्यादा उघड होतात. प्रकाशाचा मार्ग हालचालीने बिघडतो. पट्टा सैल असेल, हात जोराने हलत असेल, तर घड्याळ पावलांच्या लयीलाच नाडी समजण्याचा संभव असतो. विजेच्या मार्गावर एकाच दिशेचा आलेख मिळतो. रुग्णालयातील आलेख बारा दिशांचा असतो. हृदयविकाराचा झटका ओळखण्यास एक दिशा पुरेशी नाही. स्वतः उत्पादकांनीही आपले घड्याळ झटका ओळखत नाही असे स्पष्ट सांगितले आहे.

आकडे काय सांगतात

स्टॅनफर्ड विद्यापीठाने अॅपलच्या साहाय्याने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४,१९,२९७ व्यक्ती सहभागी होत्या. त्यांपैकी २,१६१ जणांना, म्हणजे ०·५२ टक्क्यांना, नाडी अनियमित असल्याची सूचना मिळाली. २२ ते ४० वयोगटात हे प्रमाण ०·१६ टक्के, तर ६५ वर्षे व त्यावरील गटात ३·१ टक्के होते. सूचना मिळालेल्यांपैकी ४५० जणांनी छातीला लावलेल्या पट्टीची तपासण्याजोगी नोंद परत पाठविली, आणि त्यांतील ३४ टक्के लोकांत एट्रियल फिब्रिलेशन आढळले. हा रोग येतो आणि जातो, त्यामुळे उरलेल्या सर्वांची सूचना खोटी होती असे म्हणता येत नाही. पट्टी अंगावर असतानाच सूचना आली, तेव्हा ती ८४ टक्के वेळा खरी ठरली.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. ज्यांना सूचना मिळाली नाही, त्यांची अशी तपासणी झालीच नव्हती. म्हणून घड्याळ बोलते तेव्हा किती वेळा खरे बोलते, हे या अभ्यासावरून काही अंशी कळते. ते गप्प असते तेव्हा काय निसटते, हे कळत नाही. शिवाय हा रोग प्रामुख्याने उतारवयाचा, आणि या अभ्यासातील सहभागी व्यक्तींचे सरासरी वय मात्र ४१.

याहून कठीण प्रश्न पुढचा आहे. रोग लवकर सापडला म्हणजे पक्षाघात टळतो काय? डेन्मार्कमधील एका अभ्यासात ७० ते ९० वर्षे वयाच्या ६,००४ व्यक्तींपैकी काहींच्या त्वचेखाली सतत नोंद ठेवणारे उपकरण बसविले होते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या गटात ३१·८ टक्के लोकांत रोग सापडला, इतरांत १२·२ टक्क्यांत. परंतु पक्षाघात व तत्सम आघात यांचे प्रमाण अनुक्रमे ४·५ व ५·६ टक्के होते, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरला नाही. उपकरणाने शोधलेले अल्पकालीन प्रसंग आणि वैद्याने रुग्णशय्येजवळ ओळखलेला रोग ही एकच गोष्ट नव्हे, असे यावरून अनुमान निघते. रक्त गोठू न देणारे औषध दिल्यास रक्तस्रावाचा धोका असतो. म्हणून हा भेद केवळ शब्दांचा नाही.

फ्लॉयरची समस्या अशा रीतीने नव्या रूपात पुन्हा उभी राहिली आहे. गणनाचा प्रश्न बव्हंशी सुटला. अर्थाचा सुटलेला नाही. याचा अर्थ घड्याळ निरुपयोगी आहे असा मुळीच नव्हे. धडधड झाली त्या क्षणाचा आलेख वैद्यापुढे ठेवता येणे, हा लाभ मोठा आहे. कारण असा क्षण रुग्णालयात पोहोचेपर्यंत बहुधा निघून गेलेला असतो. १९४९ च्या सुमारास नॉर्मन होल्टर यास त्यासाठी पाठीवर सुमारे ३८ किलोग्रॅमचे यंत्र वाहावे लागले होते. मात्र छातीत कळ येत असताना घड्याळाचा आलेख निर्दोष दिसतो म्हणून घरी थांबणे, किंवा एका सूचनेने काळजाचा ठोका चुकून आपणच औषध ठरविणे, या दोन्ही गोष्टी संख्येला अर्थ समजण्याच्या जुन्याच प्रमादात मोडतात. मनगटावरील आकडा हे निदान नव्हे. ते वैद्याकडे न्यावयाचे एक निवेदन आहे.